गावच्या दवाखान्यासाठी दम्याचं साहित्य: काय घ्यावं, काय टाळावं

प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी किंवा तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यासाठी दमा आणि सीओपीडी (धुराने-धुळीने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) यांचं साहित्य घ्यायला निघालं की साधारण सहा वस्तू समोर येतात: पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजणारा), हातात मावणारा स्पायरोमीटर (फुंकरीत किती हवा किती वेळात बाहेर येते ते मोजणारा), पावडरच्या कॅप्सूलचं यंत्र, पंप, स्पेसर (पंपाला जोडायचा पोकळ डबा) आणि नेब्युलायझर (औषधाचं धुकं करणारं यंत्र). माहितीपत्रकात सगळ्याच उत्तम असतात. इथे पारख एकाच कसोटीवर केली आहे: वापरणाऱ्याची चूक ही वस्तू किती पोटात घालते? गावात रक्त तपासणारा तोच फुंकायला लावणारा असतो, आणि पेशंट बाजाराच्या दिवशी एकदा येतो तो पुढच्या महिन्यापर्यंत दिसत नाही. त्यामुळे पुण्यामुंबईच्या छातीच्या दवाखान्यात जी वस्तू पहिल्या नंबरावर बसेल, तीच इथे बसेल असं नाही.

खरेदीच्या आधी पेशंट कोण हे नीट ठरवावं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं, तेव्हापासून तरी 'विडी ओढता का?' या एका प्रश्नावर थांबायला नको होतं. आपल्याकडच्या बायकांना हा आजार मुख्यतः चुलीतून मिळतो. म्हणून विचारायचं ते असं: चूल किती वर्षं, घरात की पडवीत, जळण कशाचं (पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या की लाकूड), मिश्री घरीच भाजता का, रात्री मच्छर अगरबत्ती बंद खोलीत लावता का. २०१६ नंतर उज्ज्वलाचा सिलिंडर आलेल्या घरांतही अंघोळीचं पाणी आणि भाकऱ्या चुलीवरच होतात, त्यामुळे 'गॅस आहे' या उत्तरावर पुढचा प्रश्न सोडू नये. पुरुषांना खडीक्रशर, दगडखाण आणि विहिरीच्या खोदकामाबद्दल वेगळं विचारावं. सिलिकोसिसची (दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची) धाप सीओपीडीसारखीच दिसते, पण एक्स-रे वेगळा येतो.

फुंकण्याचं कुठलंही यंत्र तोंडाला लावण्याआधी टीबी. दोन आठवड्यांवर खोकला, ताप, वजन घटणं किंवा बेडक्यात रक्त असेल तर आधी बेडका तपासायला जातो, स्पायरोमेट्री नंतर. बेडक्यात टीबीचे जंतू शोधणारं, गोव्यात वेर्ण्याला बनणारं ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे ही तपासणी आता जिल्ह्याच्या गावाची वाट पाहत नाही. उलटी चूकही सर्रास होते: टीबी बरा झालेल्या माणसाची फुप्फुसं व्रण पडून आखडलेली असतात, त्याला धाप लागते, आणि बेडक्यात जंतू नसतानाही त्याच्यावर पुन्हा टीबीचा कोर्स लादला जातो. त्याला फुंकायला लावणं हाच मार्ग आहे.

पीक फ्लो मीटर ही या यादीतली सर्वांत स्वस्त मोजणारी वस्तू, काहीशे रुपयांत येते. प्लॅस्टिकची नळी, आत स्प्रिंग आणि सरकणारा काटा. वीज नाही, कागद नाही, बिघडायलाही फारसं काही नाही. प्रत्येक उपकेंद्रात एक असावंच. पेशंटला उभं करायचं, काटा शून्यावर, बोटं काट्याच्या खाचेवर नकोत, छाती भरून श्वास, ओठ घट्ट, आणि एकच झटका. तीनदा फुंकायचं आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. पिचकारी मारल्यासारखं गालांनी फुंकलं की आकडा खोटाच वर जातो. हे यंत्र तेवढी एक चूक पोटात घालत नाही, बाकी बरंच घालतं.

त्याचा खरा उपयोग दमा ओळखायला. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहून घ्यायचे. सकाळी १८० आणि संध्याकाळी २४० आले, तर फरक ६० आणि सरासरी २१०, म्हणजे जवळजवळ २९ टक्के चढउतार. मोठ्या माणसात हा चढउतार दोन आठवड्यांच्या सरासरीने १० टक्क्यांच्या वर राहिला, तर दम्याकडे बोट जातं. सीओपीडीत मात्र आकडा कमी असतो आणि कमीच राहतो. तो कमी का आहे हे मीटर सांगू शकत नाही. फुप्फुस आखडलंय की नळ्या अरुंद झाल्यात, याला स्पायरोमीटरच हवा. एक बारीक गोष्ट: जुन्या राईट पट्टीचे आणि नव्या ईयू पट्टीचे मीटर एकाच कपाटात ठेवू नका. तोच माणूस त्याच दमाने दोन्हींत फुंकला तरी आकडे वेगळे येतात, आणि औषध न घेताच 'सुधारणा' दिसते.

आता स्पायरोमीटर. हातात मावणारे दोन जातींचे मिळतात. एकात फुंकरीने फिरणारी चकती असते, इटलीच्या एमआयआर कंपनीचा स्पायरोबँक या जातीचा. दुसऱ्यात ध्वनिलहरींनी हवेचा वेग मोजतात, स्वित्झर्लंडच्या एनडीडीचा ईझीवन तसा. चकतीवाला किमतीला हलका, पण चकतीत केस, थुंकी आणि धूळ अडकते, आणि अडकली की आकडे गुपचूप कमी येत राहतात. ध्वनिलहरींच्या यंत्रात हलणारा भागच नसल्याने ते रोजच्या वापरात जास्त टिकून राहतं, किंमत चढी. धुळीच्या गावात आणि तपासणीची संख्या मोठी असेल तर दुसरा घ्यावा. आठवड्याला चार-पाच पेशंट असतील, तर पहिला प्रत्येकाला नवी चकती देऊन चालतो.

जात कुठलीही असो, फुंकताना पडद्यावर आलेख न दाखवणारं यंत्र घेऊ नका. नुसते आकडे दाखवणारी स्वस्त यंत्रं मिळतात आणि ती अगदी दिमाखात चुकीचं उत्तर देतात. कसं, ते एका उदाहरणात पाहा. समजा एका बाईंनी पूर्ण सहा-सात सेकंद फुंकलं: एकूण हवा २.४० लिटर, पहिल्या सेकंदात १.३२. भागाकार ०.५५. औषध देऊनही तो ०.७० च्या खाली राहिला, तर हा नळ्यांचा अडथळा आहे, सीओपीडीची शक्यता भक्कम. त्याच बाईंनी तीन सेकंदांत दम सोडला, तर पहिल्या सेकंदाचे १.३२ तेच राहतात, पण एकूण हवा १.८० वरच थांबते आणि भागाकार होतो ०.७३. कागदावर 'नॉर्मल'. यंत्र बिघडलेलं नाही, आकडेही खरे आहेत, फक्त फुंकर अर्धवट आहे. आलेख समोर असता तर रेघ सपाट व्हायच्या आधीच तुटलेली दिसली असती. चूक पोटात घालण्याच्या कसोटीवर स्पायरोमीटर सपशेल नापास आहे, आणि तरीही त्याच्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून यंत्राच्या जोडीला फुंकवून घेणारा माणूस तयार करावा लागतो. सीएचओ (उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी) असोत की लॅबवाले, एकच माणूस नेमा आणि त्यालाच हे काम द्या. पेशंटला पाय टेकतील अशा खुर्चीवर ताठ बसवायचं. कमरेची गाठ, पट्टा सैल करायचा. घट्ट बसणारी कवळी तोंडातच राहू द्यायची, ओठांना आधार मिळतो. नाकाला चिमटा. उंची चपला काढून मोजायची; पाठीला बाक असेल तर दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. मग 'घ्या, घ्या, अजून घ्या… फुंका!' आणि पुढे थांबू न देता 'चालू द्या, चालू द्या, रेघ आडवी होईस्तोवर.' हे मोठ्याने, अंगणातल्या पोराला हाक मारल्यासारखं ओरडावं लागतं. हळू आवाजात सांगितलेली स्पायरोमेट्री वाया जाते. सुरुवातीला घुटमळलेली, मध्येच खोकलेली फुंकर रद्द. तीन स्वच्छ फुंकरी हव्यात, आणि त्यांतल्या दोन उत्तम फुंकरींमध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. आठ वेळा प्रयत्न करूनही जमलं नाही तर त्या दिवशी सोडून द्यावं.

त्यानंतर स्पेसरमधून सालब्युटामोल या नळ्या लगेच मोकळ्या करणाऱ्या औषधाचे १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ, एकेक करून. पंधरा मिनिटं घड्याळ लावून थांबायचं आणि पुन्हा सगळं. ओपीडीची रांग लांबली की नेमका हाच दुसरा भाग गाळला जातो, आणि दम्याच्या पेशंटवर सीओपीडीचं लेबल चिकटतं. तपासणीच्या आधी चार ते सहा तास पंप घेऊ नका हे आदल्या भेटीतच सांगितलेलं असावं. अलीकडे हार्ट अटॅक आलेला, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, फुप्फुसाभोवती हवा भरलेली, अशांना फुंकायला लावायचं नाही. नेत्रशिबिरं गावोगावी होत असल्याने मोतीबिंदूचा प्रश्न मुद्दाम विचारा.

यंत्राची सेटिंग विकत आणल्याच्या दिवशीच बघा. त्यात 'अपेक्षित' आकडे कुठल्या लोकांवरून काढायचे हे निवडावं लागतं. बऱ्याच यंत्रांवर आधीपासून युरोपीय लोकांचं समीकरण लावलेलं असतं, आणि त्यावर आपल्या धडधाकट शेतकऱ्याची फुप्फुसंही लहान ठरतात. ०.७० चा भागाकार त्याने बदलत नाही, पण आजार किती तीव्र हे ठरवणारे टक्के बदलतात. कुठलं समीकरण लावलंय ते प्रत्येक रिपोर्टवर छापून यायला हवं. आणि सत्तरीच्या पुढच्या माणसात ०.६८ आलं म्हणून लगेच शिक्का मारू नका. वयाने हा भागाकार आपोआप उतरतो. धाप, खोकला आणि धुराचा इतिहास यांच्या जोडीनेच तो वाचायचा.

तपासून पाहायला तीन लिटरची सिरिंज लागते: दांडा पूर्ण ढकलला की यंत्राने २.९१ ते ३.०९ च्या दरम्यान दाखवायला हवं. सिरिंज महाग पडते, तेव्हा तालुक्यात एक घेऊन फिरती ठेवावी. मधल्या काळात दवाखान्यातल्या एका निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या कर्मचाऱ्याने दर सोमवारी फुंकून वहीत आकडा लिहावा. आकडा अचानक घसरला तर माणूस आजारी नसेल, यंत्र आजारी आहे. खर्चाचा हिशोब यंत्रावर संपत नाही. प्रत्येक पेशंटला वेगळा फिल्टर किंवा चकती लागते, आणि स्पायरोमीटर कपाटात बंद पडून राहण्याचं सर्वांत मोठं कारण 'फिल्टर संपले' हेच असतं. पहिल्या ऑर्डरमध्येच वर्षभराचे फिल्टर घ्या.

उपचाराच्या साहित्यात गावात सर्वाधिक खपतं ते कॅप्सूलचं यंत्र. सिप्लाचा रोटाहेलर आणि रिव्होलायझर, ल्युपिनचा ल्युपिहेलर ही नावं मेडिकलवाल्याला पाठ असतात. रोटाहेलर साधा: कॅप्सूलची पारदर्शक बाजू खाली करून चौकोनी भोकात दाबायची, तळ फिरवायचा, कॅप्सूल उघडते, पूर्ण श्वास बाहेर सोडून तोंडाने जोरात ओढायचं, दहा सेकंद धरायचं. रिव्होलायझरमध्ये फिरवण्याची पायरी नाही. झाकण उघडून कॅप्सूल ठेवली आणि झाकण पूर्ण बंद केलं की ती आपोआप टोचली जाते. संधिवाताने बोटं वाकलेल्या म्हातारीला रिव्होलायझर जास्त सोयीचा. पण रोटाहेलर पारदर्शक असल्याने पावडर उरली का ते दिसतं, आणि उरली असेल तर पुन्हा ओढता येतं, ही त्याची जमेची बाजू.

दोघांचीही अडचण एकच: पावडर उडवायचं काम पेशंटच्या श्वासानेच व्हायला हवं. ज्याचा श्वासच अपुरा, त्याच्याकडूनच जोराची अपेक्षा. दम्याचा तरुण पेशंट सहज ओढतो. सीओपीडीत थकलेला म्हातारा, धापेचा अटॅक आलेला कुणीही आणि पाच-सहा वर्षांखालचं मूल ओढू शकत नाही. चुका ठरलेल्या असतात. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली जाते, हे ऐकून हसू येतं, पण गोळ्यांच्या पुडीत सुटी कॅप्सूल दिली तर दुसरं काय होणार? यंत्रातच श्वास सोडला की आतली पावडर दमट होऊन चिकटते. कोकणात पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तरी तेच. कॅप्सूल दिवसाच्या हिशोबाने काढून डबीत ठेवायच्या नाहीत, घेण्याच्या क्षणीच बाटलीतून काढायच्या. यंत्र आठवड्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवायचं, ओलं वापरायचं नाही.

आणखी एक हिशोब मेडिकलवाला सांगत नाही. बाटलीत ३० कॅप्सूल असतात. दिवसातून दोनदा घ्यायच्या औषधाची बाटली पंधरा दिवसांतच संपते. पेशंट महिन्याने येतो आणि 'औषध चालू आहे' म्हणतो. खरं म्हणजे ते पंधरा दिवसांपूर्वी बंद झालेलं असतं. चिठ्ठीवर 'दोन बाटल्या' असंच लिहा. टायोट्रोपियम हे सीओपीडीचं औषध दिवसातून एकदाच असल्याने त्याची बाटली महिनाभर पुरते.

या सगळ्यांत आमची निवड पंप आणि स्पेसर. पंप एकटा वाईट आहे: बोट आणि श्वास एकाच वेळी जुळावे लागतात, नाही जुळले की औषध जिभेवर आणि घशावर बसतं. स्पेसर जोडला की ही चूक जवळजवळ पूर्ण माफ होते, कारण औषध आधी डब्यात जातं आणि पेशंट आपल्या गतीने ते ओढतो. पंप हलवा, स्पेसरला लावा, एक पफ दाबा, लगेच सावकाश खोल श्वास घेऊन दहा सेकंद धरा. धरवत नसेल तर तोंड न काढता पाच साधे श्वास. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. दोन्ही पफ एकदम डब्यात दाबायची सवय लागते, त्याने दोन्हींचं औषध मिळून कमीच पोचतं. दात नसलेल्यांना आणि मुलांना मास्क लावून द्या. झडप असलेलाच स्पेसर घ्या आणि फुंकून-ओढून ती हलते का ते दुकानातच बघा.

स्पेसर धुण्यात हमखास चूक होते. आतून फडक्याने पुसला की प्लॅस्टिकवर वीजभार चढतो आणि औषधाचे कण भिंतीला चिकटून बसतात. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचा, घासायचा नाही, उलटा ठेवून सावलीत निथळू द्यायचा. परवडत नसेल तर ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा उपायही खरा आहे: दक्षिण आफ्रिकेत १९९९ साली मुलांवर झालेल्या चाचणीत अशी बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या बरोबर मापाचं भोक पाडायचं आणि सांधा गोंदाने हवाबंद करायचा. तो सैल राहिला तर परिणाम कमी होतो. प्लॅस्टिकचा कप चालत नाही, तोही त्याच चाचणीत होता आणि मागे पडला.

पंप संपला का हे पाण्यात तरंगवून पाहू नका. आकडा दाखवणारा पंप मिळाला तर तोच घ्या. नाहीतर १२० पफचा बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा (स्टेरॉइड असलेला) पंप रोज चार पफने तीस दिवस, एवढं गणित मांडून संपण्याची तारीख पंपावरच मार्करने लिहा. स्टेरॉइडच्या पंपानंतर गुळण्या करून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, आणि मग 'पंपाने तोंड आलं' म्हणून पेशंट पंपच सोडतो. पंपाची सवय लागते ही समजूत खोडायला एक आकडा कामाला येतो: सालब्युटामोलचा एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा, तर गोळी चार मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीस पट. डेरीफायलिन-डेक्सोनाच्या इंजेक्शनने तासाभरात मोकळं वाटतं, म्हणून गावात त्याला मान. पण डेक्सोना म्हणजे स्टेरॉइडच, आणि ते महिन्यातून दोन-तीनदा घेणाऱ्याची साखर चढते, हाडं ठिसूळ होतात आणि नळ्यांचा आजार जिथल्या तिथे राहतो.

औषधांची निवड थोडक्यात: दम्याला स्टेरॉइडचा पंप हा पाया, नुसता सालब्युटामोल धोक्याचा. सीओपीडीला टायोट्रोपियमसारखं दीर्घकाळ नळ्या मोकळ्या ठेवणारं औषध आधी, आणि स्टेरॉइड जोडीला फक्त वारंवार अटॅक येत असतील आणि रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त असतील, किंवा दम्याचा अंश असेल तेव्हा. जनऔषधीत पंप आणि कॅप्सूल स्वस्त मिळतात. कॅप्सूल मात्र पेशंटकडच्या यंत्रात नीट बसते आणि उघडते ना, हे एक वापरून खात्री करूनच द्या.

नेब्युलायझर एक ठेवा, घरोघरी विकू नका. वीज गेली की ते बंद, कप-मास्क न धुतल्यास जंतूंचं घर. अटॅकमध्ये स्पेसरमधून एकेक करून दिलेले चार ते आठ पफ बहुतेक पेशंटना तेवढंच काम देतात. सीओपीडीच्या पेशंटला अटॅकमध्ये ऑक्सिजन लावताना पल्स ऑक्सिमीटरवर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावर) ८८ ते ९२ टक्के पुरे; ९८ करायच्या नादात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जातो. बोटाला गडद नेलपॉलिश असेल किंवा थंडीने बोट गार पडलं असेल, तर दुसरं बोट चोळून गरम करून लावा.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं यंत्र) घरी देण्याचा विचार असेल तर अट कडक आहे: अटॅक ओसरल्यावर, स्थिर अवस्थेत, निवांत बसलेलं असतानाही ऑक्सिमीटरचा आकडा ८८ किंवा त्याखाली राहणं, आणि तेही काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा. मग दिवसाचे किमान पंधरा तास ते लावावं लागतं. रोज आठ तास भारनियमन असलेल्या गावात तेवढे तास भरायचे तर रात्रीची सगळी वीज त्यालाच जाते. तेव्हा इन्व्हर्टर किंवा मोठा सिलिंडर यांची सोय न बघता यंत्र देऊ नका. आणि ज्या खोलीत ते लागेल तिथून चूल, विडी आणि देव्हाऱ्यातली समई तीन मीटर तरी लांब हवी. नळी पंधरा फुटांची घेतली तर बाईंना स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं, आणि त्या नेमक्या चुलीपाशीच जाऊन बसतात. नळी सात फुटांचीच द्या.